हाताचे शिक्षण आणि सेवेचा वसा

मिनेसोटा राज्यातील हेनेपिन काउंटीच्या नैर्ऋत्य भागात, मिनेसोटा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले ईडन प्रेरी आज मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये, प्रशस्त बाजारपेठ आणि तळ्यांकाठच्या टुमदार वसाहती ह्यांसाठी ओळखले जाते. परंतु ह्या गावाला नाव मिळाले ते येथल्या भूमीच्या सौंदर्यावरून. इ. स. १८५२ मध्ये एलिझाबेथ एलेट ह्या अमेरिकन लेखिकेने प्रवासात हा माळ पाहिला आणि बायबलात वर्णिलेल्या ईडनच्या उद्यानाची तिला आठवण झाली. १८५१ च्या करारांनी डाकोटा लोकांच्या हातून गेलेल्या ह्या भूमीवर पुढे शंभर वर्षे शेतकऱ्यांची वस्ती राहिली. १९६२ साली ह्या वस्तीला गावाचा आणि १९७४ साली शहराचा दर्जा मिळाला; २०२० च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या चौसष्ट हजारांवर गेली. जेथे मका डोलत होता तेथे आज घरे उभी आहेत. रायली सरोवराच्या काठी जतन करून ठेवलेले जुने धान्यकोठार तेवढे पूर्वीच्या कष्टांची साक्ष देत उभे आहे.

ह्याच गावात गेल्या काही दशकांत अनेक भारतीय कुटुंबे स्थिरावली असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. ह्या घरांतील मुलांचा दिनक्रम पाहिला तर त्यांच्या बुद्धीची मशागत करण्यात आईवडिलांनी कोणतीही कसूर ठेवलेली नाही, असेच कोणीही म्हणेल. शाळा, शाळेनंतर गणिताची शिकवणी, शनिवारी नृत्य अथवा तबला, रविवारी मराठी शाळा. तथापि ह्याच घरांत एक लहानसे दृश्य वारंवार दिसते. नळ गळू लागला तर कोणाला बोलवावयाचे हे मुलाला ठाऊक असते. तो का गळतो, हे ठाऊक नसते. चौदा वर्षांच्या मुलीला बीजगणिताचे अवघड उदाहरण सहज सुटते, परंतु अनोळखी माणसाला दूरध्वनी करून काही विचारावयाचे म्हटले की ती आईकडे पाहू लागते. दोष मुलांचा नव्हे. त्यांच्या हाती आजवर असे कोणतेही काम पडलेले नसते, की जे त्यांनी केले नाही तर दुसऱ्या कोणाचे खरोखर अडेल.

नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी ह्या देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक चळवळ सुरू झाली. ती फोर-एच ह्या नावाने ओळखली जाते. मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य ह्या चार गोष्टींसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे हे नाव पडले. हिरवे चौपानी क्लोव्हरचे पान आणि प्रत्येक पाकळीवर ते अक्षर, हे तिचे बोधचिन्ह. आरंभी ह्या चिन्हाला तीनच पाने होती. आरोग्याचे पान मागाहून जोडले गेले.

चळवळीचा आरंभ ओहायो राज्यात झाला असे मानतात. ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने जानेवारी १९०२ मध्ये क्लार्क काउंटीत सुमारे तीस मुलामुलींना एकत्र जमवून त्यांना मातीची परीक्षा, मक्याची लागवड, भाजीपाला असे प्रत्यक्ष उद्योग दिले. परंतु मिनेसोटाच्या रहिवाशांना विशेष अभिमान वाटावा असे नाव आहे ते थिओडोर एरिक्सन ह्यांचे. डग्लस काउंटीतील ग्रामीण शाळांचे ते अधीक्षक होते. विद्यापीठांत सुधारित बियाणे तयार होत होते. पण पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे अनुभवी शेतकरी पुस्तकी पंडितांचे ऐकावयास तयार नव्हते. एरिक्सन ह्यांनी १९०४ च्या सुमारास मक्याचे चांगले बियाणे शाळकरी मुलांच्या हाती दिले. मुलांनी ते पेरले, निगा राखली, आणि पीक स्पर्धेत मांडले. जे व्याख्यानांनी साधले नव्हते ते मुलांच्या कणसांनी साधले. पुढे दक्षिणेत साउथ कॅरोलायनामध्ये मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेने १९१० मध्ये मुलींची टोमॅटो मंडळे काढली. एक दशांश एकर जमीन, स्वतः पिकवलेले टोमॅटो, ते डब्यांत टिकवून विकणे, आणि मिळालेला पैसा मुलीचा स्वतःचा, अशी ती योजना होती. ज्या काळी शेतकऱ्याच्या मुलीच्या हाती स्वतःचा म्हणून पैसा पडत नसे, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारकार्याला सरकारी आधार दिला आणि ही विखुरलेली मंडळे एका व्यवस्थेखाली आली. आज मिनेसोटा विद्यापीठाचा विस्तारविभाग राज्यभर हे कार्य चालवितो. देशात सुमारे साठ लाख मुले ह्या कार्यात भाग घेतात असे संस्था सांगते, आणि पन्नासांहून अधिक देशांत अशा स्वरूपाचे काम चालते.

ह्या चळवळीचा इतिहास सर्वस्वी निष्कलंक आहे असे मात्र नव्हे. दक्षिणेतील राज्यांत दीर्घकाळ गोऱ्या आणि काळ्या मुलांची मंडळे वेगवेगळी होती, आणि काळ्या मुलांच्या वाट्याला साधने कमी येत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर हा भेद कायद्याने संपुष्टात आला. आज निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले ह्या मंडळांत एकत्र बसू शकतात, त्यामागे इतरांनी दिलेला तो लढा आहे ह्याचे स्मरण ठेवणे उचित होय.

फोर-एच म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांचा उद्योग, त्याचा शहरातील मुलांशी काय संबंध, असा प्रश्न ईडन प्रेरीसारख्या ठिकाणी सहज विचारला जातो. वस्तुतः गायी-मेंढ्यांचे पालन हा आता ह्या कार्याचा केवळ एक भाग उरला आहे. शिवणकाम, छायाचित्रण, सुतारकाम, स्वयंपाक, कुत्र्याला शिकविणे, यंत्रमानव बांधणे, अग्निबाण उडविणे, बागकाम, वक्तृत्व असे अनेक विषय मुलांपुढे असतात. बालवर्गापासून ते बारावीनंतरच्या एका वर्षापर्यंत कोणालाही मंडळात येता येते. मूल आपल्या आवडीचा एक विषय निवडते आणि तो वर्षभर चालविते. काय करावयाचे हे त्याने ठरवावयाचे, काय केले ह्याची नोंद त्याने ठेवावयाची, खर्चाचा हिशेब त्याने लिहावयाचा. मोठ्यांनी जवळ उभे राहावयाचे, पण हात पाठीमागे बांधून.

हे शेवटचे वाक्य वाटते तितके सोपे नाही. मुलाच्या प्रकल्पाची मांडणी रात्री जागून वडिलांनी करावी आणि सकाळी मुलाने ती शाळेत न्यावी, हा प्रकार कोणाच्याच परिचयाबाहेरचा नाही. फोर-एचच्या प्रदर्शनात ह्या लबाडीला फारसा वाव राहत नाही, कारण तेथे अनेक विषयांत वस्तू टेबलावर ठेवून परीक्षक एकटाच निर्णय देत नाही. तो मुलाला समोर बसवितो आणि विचारतो: हे तू कसे केलेस? कोठे अडलास? काय बिघडले? पुन्हा करावयाचे झाले तर वेगळे काय करशील? ज्याने स्वतः करवत चालविली आहे त्याला फळी कोठे फाटली हे सांगता येते. ज्याच्या वडिलांनी ती चालविली, तो गप्प बसतो. बिघडलेल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलणारे मूल येथे कमी लेखले जात नाही. उलट त्याचे शिकणे त्यातूनच दिसते.

पारितोषिकाची पद्धतही विचार करण्याजोगी आहे. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. येथे एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावीत नाहीत. कामाचे एक प्रमाण आधीच ठरलेले असते. त्याला पुरेपूर उतरणाऱ्या प्रत्येकाला निळी फीत, काही उणे असल्यास तांबडी, बरेच सुधारावयाचे असल्यास पांढरी. दहांच्या दहा मुलांना निळी फीत मिळू शकते आणि एकालाही न मिळू शकते. विशेष उत्तम कामांचा गौरव त्यानंतर स्वतंत्रपणे होतो. अगदी लहान वयाच्या मुलांना तर स्पर्धेत उतरवीतच नाहीत; त्यांचे कौतुक होते, गुण लागत नाहीत. वर्गात कितवा नंबर आला, ह्या एकाच प्रश्नावर पोसलेल्या आपल्या समाजाला ही पद्धत प्रथम बुचकळ्यात टाकते. तांबडी फीत घेऊन आलेल्या मुलाला, निळी का नाही मिळाली, असे घरी विचारले गेले की त्या दिवसाचे अर्धे शिक्षण वाया जाते. परीक्षक काय म्हणाले, एवढेच विचारले तर ते दुणावते.

मंडळाच्या सभेचेही एक शास्त्र आहे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदे मुलेच भूषवितात. ठराव मांडणे, त्यास अनुमोदन देणे, चर्चा करणे, मत घेणे, इतिवृत्त लिहून पुढील सभेत वाचणे, हे सर्व तेरा-चौदा वर्षांची मुले गंभीरपणे करतात. शिलकीतील चाळीस डॉलर कशावर खर्चावेत ह्यावर तावातावाने वाद होतो. ज्याचे मत पडते तोही दुसऱ्या दिवशी कामाला येतो. आपल्या अनेक मंडळांत मतभेद झाला की दुसरे मंडळ निघते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ह्या छोट्या सभेचे मोल वेगळे सांगावयास नको.

सेवा हे ह्या कार्याचे दुसरे अंग. ईडन प्रेरी आणि शेजारचे चॅनहॅसन येथील गरजू कुटुंबांना प्रॉप ही संस्था धान्य व अन्य साहाय्य पुरविते. अशा संस्थेसाठी अन्नसामग्री गोळा करणे, तलावाकाठची स्वच्छता, वृद्धनिवासात जाऊन वाचून दाखविणे, ही मंडळांना सहज करता येण्याजोगी कामे होत. ईडन प्रेरीसारख्या सुखवस्तू गावातही महिनाअखेर ज्यांच्या घरी किराणा पुरत नाही अशी कुटुंबे आहेत, हे सत्य मुलाला पुस्तकातून कळते तेव्हा ती माहिती असते. स्वतःच्या हाताने पिशवी भरताना कळते तेव्हा ती जाणीव होते. स्वतःच्या वाफ्यातील काकड्या आणि टोमॅटो जेव्हा त्या पिशवीत जातात, तेव्हा मुलाचा छंद आणि दुसऱ्याची भूक ह्यांची गाठ पडते. चळवळीचे सारे सार ह्या एका पिशवीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी घरांपुढे मात्र ह्या वाटेवर काही खऱ्या अडचणी उभ्या राहतात आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण ऋतूची. मिनेसोटाचा उन्हाळा अल्प. एप्रिलमध्ये खिडकीत बी रुजवावयाचे, मेच्या मध्यानंतर हिमाचे भय गेले की रोप बाहेर लावावयाचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये फळ घ्यावयाचे. नेमक्या त्याच महिन्यांत शाळेला सुटी असते आणि आजीआजोबांना भेटावयास भारतात जाण्याची वेळ तीच. रोपे उन्हात आणि मूल पुण्यात, अशी स्थिती होते. ह्यावर तोड नाही असे नाही. शेजाऱ्याला विनंती करावी, मंडळातील सोबत्याशी पाळी ठरवावी. परंतु ती विनंती मुलाने स्वतः करावी. आपल्या गैरहजेरीतही जबाबदारी संपत नाही, ती दुसऱ्याच्या हाती नीट सोपवावी लागते, हा धडा टोमॅटोपेक्षा मोठा आहे. उलट एखाद्या उन्हाळ्यात आजीच इकडे आली, तर फळे-भाज्या टिकविण्याचा विषय घरात चालून येतो. आजी मुरांबा अंदाजाने करते. नातीला प्रत्येक पदार्थ मोजून लिहावा लागतो, कारण बाटलीबंद अन्नात किती आम्लता हवी, किती वेळ उकळावयाचे, ह्याचा तपासलेला आधार तिला दाखवावा लागतो. अंदाज आणि मोजमाप ह्यांचा हा संवाद एका ओट्यावर घडतो, आणि त्यात मराठी बोलणेही आपोआप होते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मांसासाठी वाढविलेल्या जनावरांच्या विषयात मूल कोकरू अथवा वासरू महिनोन्‌महिने सांभाळते, त्याला चालावयास शिकविते, आणि जत्रेच्या अखेरीस त्याची विक्री होते. शेतकऱ्याच्या घरात हा जीवनाचा क्रम मानला जातो. तेथेही त्या रात्री गोठ्यात मुलांचे डोळे ओले होतात. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या परंपरेतील, त्यातही शाकाहारी घरातील आईवडिलांना हे पाहवत नाही, हे स्वाभाविक होय. कोणताही विषय घेण्याची सक्ती नसल्याने ही वाट टाळता येते. अंड्यांसाठी कोंबड्या, दुधाळ गाय, कुत्रा, ससा ह्यांपैकी काहीही निवडता येते. परंतु ज्या मुलाने ती वाट निवडली त्याची हेटाळणी आपल्या मुलाने करू नये, आणि आपल्या मुलाने का निवडली नाही हे त्याला शांतपणे सांगता यावे, एवढी तयारी घरात व्हावयास हवी. आपली श्रद्धा दुसऱ्याला न दुखविता सांगता येणे, हेही जीवनाचे कौशल्यच आहे.

तिसरी अडचण आपल्या मनातील आहे. हाताने करावयाचे काम हलके आणि डोक्याने करावयाचे काम वरचे, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात जातिव्यवस्थेने खोल रुजविली. घरी धुण्याभांड्यांना बाई, बागेला माळी, दुरुस्तीला मिस्त्री. शिकलेल्या माणसाने पुस्तक धरावे. त्या घरांतून येथे आलेल्या पिढीने पहिल्या हिवाळ्यात बर्फ उपसण्याचे फावडे हाती घेतले, तेव्हा ती समजूत निम्मी गळून पडली. उरलेली निम्मी मुलांच्या वेळापत्रकात आजही लपून बसलेली आहे.

आणि गंमत अशी की तिच्यावरचा उतारा शोधण्यासाठी आपल्याला अमेरिकेकडे पाहण्याचेही कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि सर्व कामे हातांनी करीत. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे सूत्र होते. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने श्रमदान आणि कलापथके ह्यांतून तरुणांची एक पिढी घडविली. बाबा आमटे ह्यांनी सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू करून महाविद्यालयीन मुलांच्या हाती कुदळ दिली. आणि डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांची कथा तर येथल्या वाचकांना अधिक जवळची वाटावी. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या आणि मोठ्या कंपनीत संशोधन केलेल्या ह्या शास्त्रज्ञाने नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. तेथे शाळेत न रमलेली मुले लोखंड जोडणे, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकतात, आणि शिकता शिकता गावाची कामे करून देतात. काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, ही तेथली खरी परीक्षा. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेच्या पुढाकाराने जगभर जी निर्मिती-प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली, तिच्यातील अमेरिकेबाहेरची पहिली प्रयोगशाळा २००२ साली पाबळला निघाली. साताऱ्याचे वसतिगृह, पाबळचा आश्रम आणि मिनेसोटातील मक्याचे शेत ह्यांना एकमेकांपासून काही घ्यावे लागले नाही; तरी तिघांना एकच गोष्ट उमगली. मुलाला खरे काम द्या, ते कोणाच्या तरी उपयोगी पडू द्या, आणि त्याचा हिशेब त्यालाच देऊ द्या.

ह्याने काय साधते, असे विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यासही उपलब्ध आहे. टफ्ट्स विद्यापीठातील रिचर्ड लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून अनेक वर्षे सुमारे सात हजार मुलांचा मागोवा घेतला. फोर-एचमधील मुले इतरांच्या तुलनेत समाजकार्यात सुमारे चौपट अधिक भाग घेतात, असे त्यांना आढळले. सेवेची ओढ असलेली मुलेच अशा मंडळांत येत असतील, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. पण ओढ असली तरी तिला वाट लागते, आणि ती वाट मंडळ देते.

प्रश्न उरतो तो मोठ्यांचा. मंडळ मुलांचे असले तरी ते स्वयंसेवक प्रौढांवाचून उभे राहत नाही. नोंदणी, पूर्वतपासणी आणि प्रशिक्षण ह्यांतून गेलेले पालकच हे काम पाहतात. आपल्या समाजात अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, उत्तम शिवणाऱ्या आणि उत्तम रांधणाऱ्या स्त्रिया आहेत, शेतकऱ्याच्या घरी जन्मून संगणकापुढे बसलेले पुरुष आहेत. मुलाला शिकवणीला सोडून गाडीत बसून राहणारे आईबाप महिन्यातील एक संध्याकाळ अशा मंडळाला देऊ शकले, तर त्यांच्या मुलांबरोबर शेजाऱ्यांच्या मुलांचेही कल्याण होईल. आणि ज्या देशाच्या अन्नावर आपण वाढलो त्याच्या ऋणाची थोडी फेड होईल. ते मंडळ फोर-एचचेच असले पाहिजे असाही आग्रह नाही. सण-उत्सवांच्या मंडपात खुर्च्या मांडण्यापासून जमाखर्च लिहिण्यापर्यंतचे काम मुलांच्या हाती विश्वासाने सोपविले, तरी आरंभ होतो. खुर्च्या वाकड्या लागतील, जमाखर्चात दोन डॉलरची चूक निघेल. ती शोधण्यात त्यांची जी एक रात्र जाईल, ती कोणत्याही शिकवणीत मिळावयाची नाही.

ऑगस्टच्या अखेरीस फाल्कन हाइट्स येथे मिनेसोटा राज्याची मोठी जत्रा भरते. तेथे १९३९ साली बांधलेली फोर-एचची इमारत आजही उभी आहे, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले आपापली कामे तेथे मांडतात. कोणाची खुर्ची, कोणाचा यंत्रमानव, कोणाच्या चार काकड्या. सुट्टीच्या दिवशी तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबाने खाऊच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी ह्या इमारतीत एक फेरी मारावी. मुलाला काही सांगू नये, केवळ पाहू द्यावे. बाहेर पडताना त्याने, मला काय करता येईल, असे विचारले, तर त्या घरी बी पडले असे समजावे. एलिझाबेथ एलेटला ह्या माळावर उद्यान दिसले, पण उद्यान केवळ नावाने होत नाही. ते रोज कोणीतरी हाताने राखावे लागते.